डाव्या गालाचा पुरावा

काट्याने काटा काढतात, लोखंडाने लोखंड कापतात. इथपर्यंत तपासनीसांचे जगाशी काही भांडण नव्हते. परंतु माणसाच्या हनुवटीवरच्या यःकश्चित केसाने पोलादाची धार मारावी, हे त्यांच्या बुद्धीला काही केल्या पटेना. सारी नोकरी त्यांनी कारखान्याच्या मापन विभागात काढली होती. इतर लोक ज्याला ‘अगदी बरोबर’ म्हणत, त्याला ते ‘सुमारे’ म्हणत. शेजारीपाजारी त्यांना तोंडावर ‘तपासनीस’ आणि पाठीमागे ‘मायक्रोमीटर’ म्हणत. हे दुसरे नाव त्यांच्या कानावर आलेले होते. त्याहून सूक्ष्म मोजणारी उपकरणे अस्तित्वात आहेत, एवढाच त्यांचा त्यावर आक्षेप होता.

एके सकाळी गालाला ओढ बसली आणि ते तोंडाला फेस तसाच ठेवून स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

“अगं, हे ब्लेड मी परवाच नवं काढलं होतं ना?”

“मला काय विचारता? मी दाढी करते का?”

“केस मऊ. पोलाद कठीण. मग झिजतं कोण? पोलाद! नियमाने केसच झिजायला हवा.”

“केस झिजतच असता तर ब्लेड कशाला लागलं असतं?” पत्नी म्हणाली. “आणि फेस गळतोय. फरशी आत्ताच पुसली आहे.”

तपासनीस मागे फिरले, पण प्रश्न फिरला नाही. निवृत्त माणसाने नुसत्या कुतूहलापोटी काही केले तर लोक त्याला विक्षिप्त म्हणतात. तेच काटकसरीसाठी केले तर जबाबदार म्हणतात. हा सामाजिक नियम ओळखून त्यांनी त्याच दिवशी जाहीर केले, की ब्लेडचे आयुष्य वाढवून दाढीचा खर्च कमी करण्याचे त्यांनी ठरवले आहे. “मग वाढवा की दाढी,” पत्नी म्हणाली, “एकदम सगळाच खर्च वाचेल.” तपासनीसांनी या सूचनेची नोंद ‘प्रश्नापासून पळ काढणे’ या सदराखाली मनातल्या मनात केली.

आपल्याकडे एखाद्याचे घर जळत असेल तर पाण्याची बादली घेऊन धावणारे मोजके निघतील. पण एखाद्याला काही प्रश्न पडला आहे असे कळले, की उत्तरे घेऊन धावणाऱ्यांची जिन्यात रीघ लागते. खालच्या मजल्यावर राहणारे औषधवाले म्हणजे जन्मभर औषधांचे दुकान चालवून आता मुलाच्या हाती दिलेले गृहस्थ. त्यांचे मत पडले, की ब्लेड केसाने मरतच नाही, ते मरते पाण्याने. “गंज हो, गंज! डोळ्याला दिसत नाही एवढा. दाढी झाली की पुसा आणि तेलात बुडवून ठेवा.” एवढ्यावर न थांबता त्यांनी शिवणयंत्राचे तेल एका बाटलीत भरून आणून दिले. बाटली दुकानातली असल्यामुळे तिच्यावर ‘पोटात घेऊ नये’ अशी चिठ्ठी होती. पत्नीच्या भावाने फोनवरून सांगितले, “भावोजी, फ्रीजरमध्ये ठेवा. थंडीत धातू आकसतो, धार आपोआप निमुळती होते.” त्याप्रमाणे ब्लेड फ्रीजरमध्ये ठेवले, ते वाटाण्याच्या पिशवीला चिकटले, आणि ते सोडवताना पत्नीने आपल्या भावाविषयी जे उद्गार काढले ते तपासनीस लग्न झाल्यापासून मनात दाबून होते. वरच्या मजल्यावर गाण्याचे वर्ग घेणाऱ्या गाणंबाईंनी कातड्याच्या पट्ट्यावर धार घासण्याचा उपाय सुचवला. घरात कातड्याचा पट्टा एकच, तो तपासनीसांच्या विजारीचा. घासताना हात जरा तिरपा झाला आणि पट्ट्याला मधोमध एक चीर पडली. ब्लेड मात्र होते तसेच राहिले. यावरून एवढेच सिद्ध झाले, की ब्लेडला कातडे कापता येते, आणि ते गालाने आधीच सिद्ध केलेले होते.

“एकेक उपाय करून काही कळायचं नाही,” तपासनीस म्हणाले. “तुलना हवी. एकच माणूस, एकच साबण, एकच पाणी, एकच सकाळ. आणि तरीही दोन वेगवेगळ्या दाढ्या.”

“म्हणजे?”

“म्हणजे निसर्गाने माणसाला दोन गाल उगाच दिलेले नाहीत.”

योजना अशी होती. एकाच जातीचे दोन रेझर. एकाच्या दांडीला लाल दोरा. तो उजव्या गालासाठी. दुसऱ्याला पांढरा, तो डाव्यासाठी. दोहोंपैकी एक ब्लेड रोज पुसून तेलात ठेवायचे आणि दुसरे ओलेच टाकायचे. काही आठवड्यांनी रेझरांची अदलाबदल करायची, म्हणजे गुण ब्लेडचा की गालाचा, हेही समजेल. फक्त एक अडचण होती. तेलातले ब्लेड कोणते हे तपासनीसांना माहीत असते, तर त्यांचे मन त्याच्या बाजूने झुकले असते. आणि मापन करणाऱ्याचे मन झुकणे यासारखे पाप त्यांच्या विभागात दुसरे नव्हते. म्हणून रेझरांचा ताबा पत्नीकडे देण्यात आला. तेल कोणाला पाजायचे हे तिने ठरवायचे, तिनेच पाजायचे, आणि मनातच ठेवायचे.

“आणि याविषयी घरात चकार शब्द निघता कामा नये,” तपासनीसांनी बजावले. “तू बोललीस तर तुझ्या आवाजावरून मला कळेल.”

“आणि मला काही विचारायचं असलं तर?”

“विचारायचं नाही. प्रश्नावरूनही उत्तर कळतं.”

संसारात इतक्या वर्षांनी प्रथमच नवऱ्याने आपल्यावर एखादे गुपित सोपवले, या विचाराने पत्नीचा चेहरा क्षणभर उजळला होता. तो लगेचच गंभीरही झाला, पण त्याकडे तपासनीसांनी लक्ष दिले नाही. माणसांचे चेहरे हा त्यांचा विषय नव्हता. त्यांचा विषय गाल हा होता.

आता पंच हवा. आपला गाल आपणच चाचपणे हे आरोपीनेच निकाल लिहिण्यासारखे. औषधवाल्यांची नेमणूक झाली. रोज सकाळी जिन्याच्या वळणावर, जिथे उजेड सारखा पडतो तिथे, तपासनीस उभे राहत आणि औषधवाले डोळे मिटून दोन्ही हात पुढे करीत.

“हा उजवा. काय म्हणता?”

“गुळगुळीत. घोटलेल्या फरशीसारखा.”

“उपमा नको. गुळगुळीत पुरे. आता डावा.”

“आई गं! अहो, हा गाल आहे की नारळाचा काथ्या?”

“पुन्हा उपमा!” तपासनीस ओरडले, पण त्यांच्या आवाजात आनंद मावत नव्हता. फरक दिसत होता! जसजसे दिवस जात होते तसतसा तो वाढत होता. डाव्या गालाला ओढ बसे, ओरखडे उठत, त्यांवर ते वर्तमानपत्राचे कपटे चिकटवीत, आणि तरीही उजव्या गालावर जितके हात फिरवले तितकेच डाव्यावर फिरवायचे, एकही जास्त नाही, या नियमामुळे डावीकडे काळपट झाक राहून गेली. समोरून पाहणाऱ्याला वाटावे, की एक माणूस कामावर निघाला आहे आणि दुसरा नुकताच तुरुंगातून सुटून त्याला भेटायला आला आहे.

गाणंबाई एकदा पत्नीला हळूच म्हणाल्या, “वहिनी, विचारू नये, पण घरात सगळं ठीक आहे ना? सकाळी जिन्यात औषधवाले डोळे मिटून साहेबांचे गाल कुरवाळत होते.”

“विज्ञान चाललंय त्यांचं,” पत्नी म्हणाली. आणि मग, कोणी न विचारता, “मला त्यातलं काहीच बोलायची परवानगी नाही हो,” असे म्हणून तिने दार लावून घेतले.

अशा रीतीने शास्त्र पुढे चालले असतानाच निवृत्तिवेतन कार्यालयाचे पत्र आले. आपण हयात असल्याबद्दल निवृत्तांनी ठरलेल्या तारखेपर्यंत स्वतः हजर राहून खात्री पटवावी. न पटवल्यास वेतन थांबेल. आणि एकदा थांबलेले वेतन पुन्हा सुरू करून घेणे म्हणजे काय, हे ज्यांचे थांबले होते त्यांनाच ठाऊक. पत्नी रोज म्हणे, “अहो, जाऊन या.” तपासनीस रोज म्हणत, “अदलाबदल होऊ दे.” त्यांचा हिशेब असा, की आपण हयात आहोत ही गोष्ट जुनी आहे, तिला घाई नाही, डाव्या गालाचे रहस्य ताजे आहे. होता होता शेवटचा दिवस उजाडला आणि अदलाबदल अजून पुढेच होती.

कार्यालय म्हणजे एक लांबट खोली. भिंतीला बाके, छताला एकाआड एक फिरणारे पंखे आणि समोर काचेची खिडकी. पूर्वी या खिडकीतला कारकून माणसाकडे पाहून ‘हं’ म्हणे आणि शिक्का मारी. यंदा तिथे नवे यंत्र बसवले होते. त्याच्या डोळ्यासमोर चेहरा धरायचा. यंत्र तो दप्तरातल्या छायाचित्राशी ताडून पाही, आणि जुळला की हिरवा दिवा लागे. एकेक वृद्ध जात होता, हिरवा होऊन परत येत होता. तपासनीसांची पाळी आली. ते वाकले. लाल दिवा लागला.

“चष्मा काढा,” कारकून म्हणाला.

काढला. लाल.

“जरा खाली वाका. अजून. असे.”

ते वाकले आणि कंबरेवर एक बारीकसा ‘चर्र’ असा आवाज झाला. चिरलेल्या पट्ट्याने नेमका हा मुहूर्त साधला होता. तपासनीसांनी चपळाईने विजार एका हाताने धरली.

“हात खाली सोडा काका, यंत्राला हात नको.”

“हात सोडता येणार नाही. तांत्रिक कारण आहे.”

“बरं, मान डावीकडे वळवा.”

यंत्रासमोर उजवा गाल आला, आणि हिरवा दिवा चमकला. कारकून आनंदला. “आता समोर!” लाल. “उजवीकडे!” लालभडक. कारकुनाने पडद्यावर वाचले, मग तपासनीसांकडे पाहिले, मग पुन्हा पडद्यावर.

“काका, राग मानू नका. यंत्राच्या मते उजवे तुम्ही आहात. डावे कोणीतरी दुसरेच आहेत.”

मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणाले, “अर्धा पगार तरी सुरू ठेवा त्यांचा!” आणि बाके हसली. ज्यांच्या सहीवाचून कारखान्यातून एक खिळा बाहेर पडत नसे, त्यांना एका डबीने नापास केले होते, आणि तेही एका हाताने विजार धरलेल्या अवस्थेत.

“समोर सलून आहे,” कारकून समजुतीने म्हणाला. “तेवढा डावा गाल साफ करून या. खिडकी बंद व्हायला वेळ आहे अजून.”

“तसं करता येणार नाही.”

“का?”

“प्रयोग मोडेल.”

आता ‘प्रयोग’ हा शब्द रिकामटेकड्या वृद्धांच्या रांगेत उच्चारणे म्हणजे कबुतरांत दाणे फेकण्यासारखे. तपासनीसांना सगळे सांगावे लागले. रांग मोडून घोळका झाला. प्रत्येकाने आधी उजवा गाल चाचपला, मग डावा, मग आपले मत दिले. एक म्हणाला, माणूस डाव्या कुशीवर झोपतो म्हणून. दुसरा म्हणाला, डावी बाजू हृदयाची, तिकडे रक्त जास्त, म्हणून केस जोमदार. तिसऱ्याने आपलाच गाल पुढे करून विचारले, “माझा बघा बरं, माझाही तसाच आहे का?” गलका ऐकून आतल्या खोलीतून अधिकारीबाई बाहेर आल्या.

“काय चाललंय? हे गृहस्थ हयात आहेत की नाहीत?”

“उजवीकडून आहेत मॅडम,” कारकून म्हणाला.

बाई कर्तव्यदक्ष होत्या. त्यांनी नियम सांगितला. यंत्राने नाकारल्यास पतीने किंवा पत्नीने समक्ष येऊन प्रतिज्ञापत्र द्यावे. ते वरच्या कार्यालयात जाईल. उत्तर येईपर्यंत वेतन मात्र थांबेल. “त्यापेक्षा दाढी करा,” त्या म्हणाल्या. “पाच मिनिटांचं काम.”

तपासनीसांच्या मनात मोठे द्वंद्व झाले. एकीकडे घरखर्च होता, दुसरीकडे सत्य. त्यांनी पत्नीला फोन लावला. “ओळखपत्र घेऊन ये. तुला माझ्याबद्दल प्रतिज्ञापत्र द्यायचं आहे.”

“का? काय केलंत?”

“काही नाही. मी मीच आहे एवढं सांगायचं.”

पत्नी रिक्षा करून आली. हातात भाजीची पिशवी, त्यात ओळखपत्र, आणि न सांगताही काय लागेल हे ओळखून आणलेले दोन्ही रेझर, ब्रश, साबण आणि एक जुनी कापडी नाडीसुद्धा. नाडी कशी सुचली हे तिलाही सांगता आले नाही. तपासनीसांनी कंबर बांधली आणि दोन्ही हात मोकळे झाल्यावर त्यांना पुन्हा थोडा धीर आला.

“यांना ओळखता?” अधिकारीबाईंनी विचारले.

पत्नीने नवऱ्याकडे डोळे बारीक करून पाहिले. “हो. उजवीकडून जास्त.”

“इथे सही करा. वाचून.”

पत्नी वाचू लागली. सदर व्यक्ती माझे पती असून हयात आहेत, इथपर्यंत ती मान डोलावत होती. पुढच्या ओळीवर लेखणी थबकली. सदर व्यक्तीशी संबंधित कोणतीही बाब मी लपवून ठेवलेली नाही.

“कोणतीही म्हणजे?” तिने विचारले.

“कोणतीही.”

तिने लेखणी खाली ठेवली. “मग मला सही करता येणार नाही.”

सारे वृद्ध तपासनीसांकडे पाहू लागले. कोणाच्या नजरेत सहानुभूती होती, तर कोणाच्या नजरेत हेवा.

“अहो,” पत्नी म्हणाली, “पहिल्या दिवशी मी एकाला तेल घातलं. दुसऱ्या दिवशी ताईचा फोन आला, आणि ठेवला तेव्हा आठवेचना, की काल लाल होता का पांढरा. तुम्हाला विचारावं, तर विचारायचं नाही म्हणालात. प्रश्नावरूनही कळतं म्हणालात. मग मी दोन्ही पुसले आणि दोन्ही तेलात ठेवले. रोज. कुणावर अन्याय नको म्हणून.”

“दोन्ही?”

“दोन्ही. जिवाला नुसता घोर लागला होता. तुम्ही कपटे चिकटवून बाहेर यायचा, आणि मला बोलता येत नव्हतं.”

तपासनीस बाकावर बसले. आता ते चिडतील, असे सर्वांना वाटले, पत्नीलाही वाटले. पण त्यांच्या कपाळावर जी आठी उमटली ती रागाची नव्हती. कारखान्यात दोन सारखी मापे वेगळा आकडा दाखवू लागली, म्हणजे ती उमटत असे.

“थांब,” ते म्हणाले. “दोन्ही ब्लेडं सारखी. तेल सारखं. पाणी, साबण सारखा. हात तेवढेच. मग डावा गाल खरखरीत का?”

“मी म्हटलं ना, हृदय,” मागून कोणीतरी म्हणाले.

“तुम्ही आधी कुठला गाल करता?” कारकुनाने काचेतून तोंड बाहेर काढून विचारले.

“अर्थात उजवा. मग पुसतो. मग भिंगातून निरीक्षण करतो. मग डावा.”

“निरीक्षण!” पत्नीचा कोंडलेला श्वास मोकळा झाला आणि त्याबरोबर जीभही. “चहा तीनदा गरम करते मी तोवर! आत डोकावावं तर एका गालाशी भिंग, आणि दुसऱ्यावरचा फेस वाळून चुन्याचे पोपडे निघालेले. त्याच्यावर तुम्ही ब्लेड ओढता. केस काय, भिंतसुद्धा ओरखडेल!”

बोलता बोलता ती थांबली. तपासनीस हळूहळू उभे राहत होते.

“वाळलेला केस,” ते पुटपुटले. “अगं, भिजलेला केस मऊ, वाळलेला कठीण. दोर भिजवला की कापता येतो, वाळला की सुरी बोथट करतो. ब्लेड नाही, पाणी नाही, तेल नाही. मोजणाराच मध्ये उभा होता!”

स्वतःची चूक सापडल्याचा इतका निर्मळ आनंद अधिकारीबाईंनी त्या खोलीत पूर्वी पाहिला नसावा. प्रयोग आधीच मोडला होता, तेव्हा दाढीला आता हरकत उरली नव्हती. तपासनीस पिशवी उचलून कार्यालयाच्या मोरीकडे निघाले. पांढऱ्या दोऱ्याचा, म्हणजे इतके दिवस बदनाम झालेलाच, रेझर त्यांनी निवडला. गालावर पाणी मारले, फेस लावला, आणि ते स्वस्थ उभे राहिले. फेस वाळू लागला की पुन्हा पाणी, पुन्हा ब्रश. दारात घोळका जमला.

“अहो काका, खिडकी बंद होतेय!” कारकून ओरडला.

“केस अजून भिजला नाही.”

“नियमाप्रमाणे वेळ संपत आली आहे,” अधिकारीबाई म्हणाल्या. पण बोलताना त्याही टाचा उंचावून आत पाहत होत्या.

“मॅडम, घाई केली तर काहीच कळणार नाही.”

“कळू दे हो,” पत्नी अधिकारीबाईंना म्हणाली. “इतके दिवस मीही थांबले आहे.”

अखेर रेझर लागला. वरून खाली एक हात फिरला, आवाज न करता. ओढ नाही, ओरखडा नाही. दुसरा हात. तपासनीसांनी तोंड पुसले, पत्नीकडे वळून गाल पुढे केला, आणि तिने चार लोकांत, जन्मात पहिल्यांदाच, त्यावर हात फिरवला.

“गुळगुळीत,” ती म्हणाली. “उपमा देऊ का?”

“दे.”

“नको. घरी देते.”

यंत्राने या खेपेला समोरूनच हिरवा दिवा दाखवला. कारकुनाने घाईघाईने शिक्का मारला, खिडकीची काच अर्धी खाली ओढली, आणि दाखला पुढे सरकवून म्हणाला, “काकू, इथे पोच हवी. काका कुठे गेले? हयात आहेत ना? मला लिहायचं आहे.”

पत्नीने मागे वळून पाहिले. बाकांपाशी वृद्धांनी पुन्हा रांग धरली होती, पण खिडकीकडे पाठ करून. रांगेच्या तोंडाशी तपासनीस उभे होते. डोळे मिटलेले, दोन्ही हात एका अनोळखी गृहस्थाच्या गालांवर, आणि प्रश्न चालू: “दाढीआधी किती वेळ भिजवता? खरं सांगा. सुमारे नको.”

“आहेत,” ती म्हणाली. “लिहा.”